आठवं मंगलाष्टक

माझा नवरा सुबोध मोहालीतल्या एका कंपनीत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. 'झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करा' हे त्याचं आजवर सर्वांत जास्त वाचलं गेलेलं वाक्य. उरलेल्या वेळात तो कवी आहे. चंदीगडच्या मराठी मंडळींना त्याचं हे उरलेल्या वेळातलं काम तेवढं ठाऊक आहे. कुणाचा वाढदिवस, कुणाची बदली, कुणाच्या मुलाची मुंज, की फोन येतो, "सुबोध, दोन ओळी टाक ना. तुला काय, पाच मिनिटांचं काम."

मी रसायनशास्त्राची. मला कुणी म्हणत नाही, अपूर्वा, जरा वाटीभर आम्ल करून दे, तुला काय!

त्याच्या स्वतःच्या कविता मात्र कुणी मागत नाही. मासिकांकडून उत्तर येत नाही. मंडळाच्या कोजागरीला त्याच्या हाती माइक येतो तेव्हा दूध संपलेलं असतं आणि लोक अंधारात आपापल्या चपला शोधत असतात.

म्हणून नोव्हेंबरात लताकाकूंचा फोन आला तेव्हा सुबोधनं आधीच कपाळाला हात लावला. लताकाकू म्हणजे कर्नल मोहित्यांच्या पत्नी. पंचकुल्याच्या बाजूला छावणीत राहतात. त्यांच्या ओजस्विनीचं लग्न तिच्याच ऑफिसातल्या जसकरनशी ठरलं होतं.

"फेरे त्यांच्या पद्धतीनं, पण आधी अंतरपाट आपला," काकू म्हणाल्या. "आणि मंगलाष्टकं तुझी. घरच्या सगळ्यांची नावं आली पाहिजेत हं. धाकट्या जाऊबाई फार मनाला लावून घेतात."

सुबोधनं कपाळावरचा हात काढला. मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा अट घातली. "काकू, सात तुमची. आठवं माझं. त्यात कुणाचंही नाव नसेल."

"देवाचंसुद्धा नाही?"

"देव पहिल्यात आहे."

"बरं बाबा," काकू म्हणाल्या. "पण मग जाऊबाईंना सातव्यात घाल. पाचव्यात नको, तिथं माझी नणंद आहे."

पुढचा महिनाभर आमच्या झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये टेबलावर टकटक चालली होती. मंगलाष्टकाच्या वृत्तात कुठलं अक्षर लांब आणि कुठलं आखूड हे ठरलेलं असतं. मला ते बघायला आवडायचं. ओजस्विनी ओळीच्या उत्तरार्धात अशी बसली, जणू मापं घेऊनच तिचं बारसं केलं होतं. जसकरन मात्र बसेना. सगळीच अक्षरं आखूड, आणि या वृत्तात तीनपेक्षा जास्त आखूड अक्षरं शेजारीशेजारी बसत नाहीत.

"नवरा बदलायला सांग," मी म्हटलं.

"कवी बदलतील," सुबोध म्हणाला. शेवटी त्यानं नुसतं 'करन' केलं. घरी त्याला तेच म्हणतात, असं काकूंनी चौकशी करून कळवलं.

सात मंगलाष्टकं झाली. सगळे नातेवाईक ओळीनं बसले, जाऊबाईंना 'सुगरण' हे विशेषण मिळालं. आठव्याला वेळ लागला. आमच्या घराचं तोंड उत्तरेला. हिवाळ्यात समोरच्यांच्या बाल्कनीत ऊन पसरतं आणि आम्ही ते शेजाऱ्याच्या टीव्हीसारखं लांबून बघतो. एका रविवारी, आदल्या दिवशीचं आमचं भांडण नुकतंच निवलेलं असताना, त्यानं मला ओळी वाचून दाखवल्या. त्यांतल्या दोन मला तेव्हाच पाठ झाल्या :

नाही नाव न गाव, फक्त इतके खोलीत या ऊन दे
भांडी वाजत, भांडणे मग मिटो एका चहाच्या कपी

"हे आपलंच आहे की," मी म्हटलं.

"मग काय समोरच्यांचं असणार?" तो म्हणाला. मग कागदाकडे बघत, जरा हळू, "अख्खं लॉन भरलेलं असेल, अपूर्वा. आणि कुणी चपला शोधत नसेल."

लग्न डिसेंबरात, आमच्याच बाजूच्या एका मॅरेज पॅलेसच्या लॉनवर होतं. दुपार झाली तरी धुकं उठलं नव्हतं. बायका शालूंवर शाली घेऊन बसल्या होत्या. जसकरनचे मामा-काका गुलाबी पगड्यांत शेकोटीभोवती उभे होते. कर्नलसाहेबांनी दोन्ही बाजूंना हिंदीत नीट समजावून दिलं. तांदूळ एकदम उधळायचे नाहीत, दर 'सावधान'ला थोडे थोडे. ढोलवाल्यांना मराठी कळत नाही, तेव्हा ते स्वतः बोटांवर मोजतील, आठव्या 'सावधान'ला रुमाल हलवतील, मग ढोल वाजेल आणि अंतरपाट बाजूला होईल. यात चुकण्यासारखं काहीच नव्हतं.

सुबोधचा आवाज चांगला लागला होता. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथ्यासाठी त्यानं श्वास घेतला आणि ओजस्विनीच्या अकोल्याच्या आत्याबाई उठल्या.

"थांबा जी, म्या बी एक आणलं हाये," म्हणत त्यांनी माइक घेतला, मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि गायला सुरुवात केली. प्रत्येक लग्नात एक आत्या असं करतेच. ते आम्हा कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही, कळत नाही. त्यांच्या मंगलाष्टकाला चाल होती, वृत्त नव्हतं. शेवटी त्यांनी दणदणीत 'सावधान' म्हटलं, तांदूळ पडले, आणि कर्नलसाहेबांनी चौथं बोट मिटलं.

ते मी पाहिलं. मी उठले, हातवारे केले. कर्नलसाहेबांनी मला हसून नमस्कार केला. मी निघाले, पण मध्ये जसकरनच्या बुआंची, म्हणजे आत्यांची, रांग होती, आणि तेवढे घेरदार लेहेंगे ओलांडणं सोपं नसतं. "बैठो जी, बैठो, अभी खाना नहीं लगा," एक बुआ मला प्रेमानं म्हणाल्या.

सुबोधचं सातवं संपलं. जाऊबाई सुगरण म्हणून जाहीर झाल्या. रुमाल हलला.

ढोल असा वाजला की कनातीवरचं दव खाली पडलं. अंतरपाट गेला, हार पडले, उरलेले तांदूळ एकदम उडाले, पगड्या नाचू लागल्या. सुबोध माइकसमोर तोंड उघडून उभा होता. मग त्यानं ते मिटलं.

चूक कळली तेव्हा कर्नलसाहेब धावत आले. "अरे, आठवं?"

"झालं साहेब, आत्याबाईंचं धरून."

"गुरुजी, परत एकदा धरता येईल का?"

"अंतरपाट एकदा दूर झाला की झाला," गुरुजी म्हणाले. "आता परत धरला तर लग्न मोडल्यासारखं दिसेल."

मला सुबोध सापडला तो चहाच्या काउंटरपाशी. कागद त्यानं घडी करून खिशात ठेवला होता. "घरी जाऊ या?" तो म्हणाला.

"गाजर हलवा यायचाय."

"हलवा खाऊन जाऊ या," तो म्हणाला, म्हणजे अगदीच हाताबाहेर गेलं नव्हतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सुबोधदादा, माझं आठवं कुठंय?"

ओजस्विनी होती. शालू एका हातानं वर धरलेला, दुसऱ्या हातानं जसकरनला ओढत आणलेलं. "आई म्हणाली होती, आठव्यात एकही नातेवाईक नाही. मी तेवढ्याचीच वाट बघत होते."

"इथं? माइक नाही."

"ढोलही नाही. म्हण ना."

सुबोधनं मला कप दिला आणि गायला लागला, कागद न काढता. संपल्यावर जसकरननं विचारलं, "मतलब?" ओजस्विनी एकेक ओळ पंजाबीत सांगू लागली. ऊन, खोली, भांडी, चहा. शेजारी जसकरनचे थोरले काका शेंगदाणे सोलत उभे होते. चहाची ओळ ऐकून त्यांनी मान वर केली.

"वाह जी वाह! ए ताँ साड्डे घर दी गल्ल ए. फेर सुणाओ जी!"

सुबोधनं माझ्याकडे पाहिलं. ही तर आमच्या घरची गोष्ट, पुन्हा म्हणा, असं त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तो पुन्हा गायला. बुआ आल्या, त्यांना पहिल्यापासून हवं होतं. आत्याबाई आल्या आणि म्हणाल्या, "माह्यापेक्षा बरं हाये." शेवटच्या 'सावधान'ला उधळायला तांदूळ उरले नव्हते, म्हणून काकांनी मूठभर शेंगदाणे आणि रेवड्या उधळल्या. एक रेवडी सुबोधच्या चष्म्यावर लागली.

गर्दीच्या मागं कर्नलसाहेब उभे होते. त्यांनी गंभीरपणे नववं बोट मिटलं.

दुसऱ्या दिवशी फोन आला. फेब्रुवारीत पंचकुल्यातच एक लग्न होतं. फोन स्पीकरवर होता, बाई उत्साहात होत्या. "ते चहाचं फार छान झालं म्हणे! तेच द्या, फक्त त्यात आमच्या जावईबापूंचं नाव घाला. तुम्हाला काय!"

"त्यात नाव येणार नाही," सुबोध म्हणाला. "सात तुमची, एक माझं."

"बरं. शेवटचं ना?"

मी त्याच्या समोर एक बोट नाचवलं. त्यानं नकारार्थी मान हलवली, फोनवर हात धरला आणि कुजबुजला, "पहिलं गणपतीचं असतं गं." मग हात काढून म्हणाला, "नाही. दुसरं."