आली का?

समोरच्या इमारतीत कोणाचं तरी वॉशिंग मशीन घरघरायला लागलं आणि थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन चौथ्या मजल्याच्या जिन्यात उभी होती. अजून दोन मजले चढायचे होते. वादळ दोन्ही इमारतींवर एकच आलं होतं. रस्त्यात आडवं पडलेलं झाडसुद्धा दोघींच्या वाट्याला अर्धं अर्धं आलं होतं. पण लाईट आली ती फक्त समोरच्यांची. त्यांचे कपडे मशीनमध्ये गरगरत होते आणि इकडे माणसं पाणी वाहत होती.

"त्यांची कशी आली हो?" तिने वरून उतरणाऱ्या सेक्रेटरीला विचारलं.

सेक्रेटरी म्हणजे इमारतीचा कारभारी, पण कार कमी आणि भारच जास्त. "तक्रार दिलेली आहे," तो म्हणाला. "आता धीर धरायचा."

"धीर धरून धरून हात दुखायला लागले, काका. जरा तुम्ही धरा," असं म्हणून तिने एक बादली त्याच्या हातात दिली. खाली निघालेला माणूस मुकाट्याने वर चालायला लागला. थोरलीशी वाद घालणारा त्या इमारतीत अजून जन्माला यायचा होता.

थोरली लोकांना गाडी चालवायला शिकवायची. नवशिक्याच्या शेजारी बसायचं, त्याच्यावर ओरडायचं आणि तो कुणाच्या अंगावर जायला लागला की आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा, हा तिचा धंदा. त्यामुळे तिचा राग नुसता नाकावर नव्हता, पायातही होता. कालपासून मात्र तिला दाबायला ब्रेकच सापडत नव्हता.

गोष्ट अशी होती की आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आज दुपारी हॉस्पिटल तिला सोडणार होतं. सोडणार कसलं, हाकलणारच होतं, कारण वादळात जखमी झालेल्यांना खाटा पुरत नव्हत्या. घर सहाव्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. आईपाशी बसलेल्या धाकट्या भावाने काल रात्री फोनवर सांगून टाकलं होतं, "ताई, उद्या निघेपर्यंत लाईट आली तर ठीक, नाहीतर मी तिला सरळ शुश्रूषा केंद्रात नेतो. जागा बघून ठेवलीय. थोडेच दिवस."

थोडेच दिवस म्हणे. शेजारच्या आजोबांनाही थोडेच दिवस नेलं होतं. महिन्याभरात त्यांच्या खोलीत सुनेचं शिलाई मशीन आलं आणि आजोबा काही परत आले नाहीत. आईने हॉस्पिटलमधून एवढाच निरोप दिला होता की मला माझ्या पलंगावर नेऊन टाका, मग काय व्हायचं ते होऊ दे. आणि बाबा? बाबा काहीच म्हणाले नव्हते. बाबा कधीच काही म्हणत नसत.

बाबांना सगळे तारमास्तर म्हणायचे. हयातभर तार ऑफिसात बसून त्यांनी लोकांची सुखदुःखं कापून चार शब्दांत बसवली होती, आणि तीच कात्री घेऊन ते घरी यायचे. थोरलीने शाळेतली नोकरी सोडून गाडी शिकवायला घेतली तेव्हा ते एकच शब्द बोलले होते, "मूर्खपणा." त्या एका शब्दापायी ती दीड वर्ष या घराची पायरी चढली नव्हती. काल चढली. रस्ते बंद म्हणून गाडी गावाबाहेर ठेवून, चिखल तुडवत, काळोखात सहा मजले चढून आली. बाबांनी दार उघडलं, तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "चपला बाहेर काढ."

बस्स, एवढंच. ती दात ओठ खात न्हाणीघरात शिरली आणि कितीतरी वेळ पाय घासत बसली. बाहेर फोन वाजलेला तिने ऐकला, बाबा काहीतरी बोललेलेही ऐकले, पण नळाच्या थेंबाथेंबाला शिव्या घालण्यात ती इतकी गर्क होती की पुढे तिने लक्ष दिलं नाही.

इमारतीत जिवंत असलेला फोन तेवढा एकच होता, बाबांचा जुना, वायरवाला. मोबाईल सगळे मेले होते, टॉवरही आडवा झाला होता. म्हणून तर सेक्रेटरीने अख्ख्या इमारतीची तक्रार त्याच नंबरवर नोंदवली होती. आता मात्र वीज कार्यालयाचा फोन सकाळपासून एंगेज लागत होता.

बादल्या ठेवून थोरली म्हणाली, "मी स्वतः जाऊन बघते."

"बघ," बाबा म्हणाले.

वीज कार्यालयात पंखा गरगरत होता. ते पाहूनच तिचं अर्धं डोकं फिरलं. रांगेत तिच्यापुढे एक गृहस्थ होते, त्यांची एका गालावरची दाढी झालेली, दुसऱ्या गालावरची राहिलेली. "मशीन चालू असताना गेली," त्यांनी न विचारताच सांगितलं. "दोन दिवस असाच फिरतोय. बायको म्हणते, या बाजूने बोलू नका माझ्याशी."

एरवी थोरली हसली असती. आज तिने नुसती मान हलवली. घड्याळ पुढे सरकत होतं आणि रांग जागची हलत नव्हती. शेवटी एकदाची खिडकी आली. आतल्या कारकुनाने इमारतीचा पत्ता ऐकला, कॉम्प्युटरमध्ये डोकावला आणि म्हणाला, "तुमची तक्रार मिटलीय, मॅडम."

"कोणी मिटवली?"

"लाईट आलीय ना तुमच्याकडे."

"आमच्याकडे? मग मी काय हौस म्हणून सहा मजले पाणी वाहतेय?"

"आम्ही काल फोन करून खात्री केलीय," कारकून शांतपणे म्हणाला. त्याचा तो शांतपणा कानाखाली मारण्यासारखा होता. "तुमच्याच इमारतीतून सांगितलं, आली म्हणून. त्यामुळे दुरुस्तीची गाडी पुढच्या भागात गेली."

थोरलीचा आवाज चढला तो थेट रस्त्यापर्यंत गेला. असलं खोटं सांगणारा कोण दीडशहाणा आहे ते तिला कळलंच पाहिजे. माझी आई आज रस्त्यावर पडायची वेळ आलीय आणि इथे बसून कोणी तरी आली आली करतंय. तो सापडला ना, तर दोन हातांत दोन बादल्या देऊन त्याला खालीवर पळवीन, लाईट येईपर्यंत पळवीन, आणि आली तरी लिफ्टमध्ये पाय ठेवू देणार नाही.

"मी धरतो त्याला," अर्धी दाढीवाले म्हणाले. "तुम्ही बादल्या भरा."

"फोन कोणी केला होता? बोलवा त्यांना," थोरली म्हणाली.

आतून एक मुलगी आली. फोन करकरून तिचा घसा पार बसला होता. पत्ता ऐकताच तिचा चेहरा खुलला. "ते आजोबा ना? त्यांना कशी विसरेन. काल दिवसभरात तेवढे एकटेच गोड बोलले. बाकी सगळ्यांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला."

थोरली खिडकीत आणखी पुढे वाकली. "काय बोलले ते?"

"मी विचारलं, आली का? आम्ही तेवढंच विचारतो, मॅडम, किती जणांना फोन करायचे असतात. तर म्हणाले, आली, आली, आत्ताच आली. मी विचारलं, व्यवस्थित आहे ना? म्हणाले, जरा मलूल दिसतेय, पण व्यवस्थित आहे. मी धरलं व्होल्टेज कमी असेल."

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"मग मी विचारलं, परत गेली वगैरे नाही ना? म्हणाले, आता नाही जाऊ देणार. फार वाट पाहायला लावली हो तिने, ती आली आणि घरात उजेड पडला." मुलीने थोरलीकडे पाहिलं. "घरात उजेड पडला म्हणाले, मॅडम. त्यावर मी आणखी काय विचारणार?"

थोरलीने मनगटाने खसकन डोळे पुसले आणि त्या डोळ्यांचाही तिला राग आला. ही काय रडायची जागा होती? घरात उजेड पडला. हे त्या माणसाला बोलता येत होतं. इतकी वर्षं येत होतं आणि त्याने ते वीज कार्यालयासाठी राखून ठेवलं होतं.

"मग कोण निघाला तो?" दाढीवाल्यांनी विचारलं.

"माझे वडील," ती म्हणाली. "आणि आली ती मी. लाईट आलेली नाही. तक्रार पुन्हा नोंदवा."

तक्रार पुन्हा नोंदवली गेली. पण गाडी संध्याकाळच्या आधी येणार नव्हती. ती भांडली, हातापाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं, पण गाडी काही खिडकीतून काढून देता येत नव्हती. "आम्ही फोन करून विचारू," मुलगी म्हणाली.

"विचारा. आणि या वेळी पूर्ण वाक्य बोला."

सहा मजले ती कशी चढली ते तिलाच ठाऊक. बाबा फोनशेजारी खुर्चीत बसले होते.

"काल मी न्हाणीघरात असताना फोन आला होता?"

"आला होता."

"काय विचारलं?"

"आली का."

"आणि तुम्ही?"

"आली म्हटलं. हॉस्पिटलचा असेल. तुझ्या आईने विचारायला लावलं असेल."

"वीजवाल्यांचा होता, बाबा. ते लाईटचं विचारत होते. तुम्ही आली म्हणालात, त्यांनी आपलं नाव खोडलं. सगळी इमारत तुमच्यामुळे अंधारात बसलीय. आईला आज त्या केंद्रात न्यायची वेळ आलीय ती तुमच्यामुळे."

बाबांचा चेहरा पांढरा पडला. तिला कीव यायला हवी होती, पण आली नाही, उलट आतलं सगळं उसळून वर आलं.

"आणि काय काय सांगितलंत त्या मुलीला? फार वाट पाहिली. घरात उजेड पडला. मला काय सांगितलंत? चपला बाहेर काढ."

"चपलांना चिखल होता," बाबा म्हणाले.

तिने हातातला पेला टेबलावर असा आपटला की अर्धं पाणी सांडलं. "दीड वर्ष, बाबा. दीड वर्षात एक शब्द टाकला असतात तर मी धावत आले असते. त्या परक्या मुलीला अख्खं भाषण देता येतं, मला नाही?"

"तिने विचारलं," बाबा हळूच म्हणाले. "तू कुठे विचारलंस?"

ते खरं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. ती काहीतरी लागट बोलणार, तेवढ्यात फोन वाजला. दोघंही त्याच्याकडे विंचू पाहावा तसे पाहत राहिले. मग तिने उचलला.

"ताई, ॲम्ब्युलन्स हॉस्पिटलच्या दारात उभी आहे," धाकटा म्हणाला. "लवकर सांग. आली का?"

थोरलीने छतावरच्या मेलेल्या दिव्याकडे पाहिलं. मग बाबांकडे.

"आली," ती म्हणाली.

"नक्की?"

"आली म्हणतेय ना. आण तिला घरी." तिने फोन ठेवला.

"खोटं," बाबा म्हणाले.

"खोटं कसलं, तार आहे. शब्द कमी. अर्थ ज्याचा त्याने लावायचा."

बाबांच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. हसू असावं, पण सवय नसल्यामुळे ते अर्ध्यातच अडकलं.

रस्त्यातलं झाड दुपारपर्यंत कापून बाजूला केलं होतं, म्हणून ॲम्ब्युलन्स इमारतीच्या दारापर्यंत आली. धाकट्याने लिफ्टचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग तो लाल होऊन, खाली येऊन थांबलेल्या बहिणीकडे वळला. "तू आली म्हणालीस."

"म्हणाले. कोण, ते तू विचारलं नाहीस."

"ही काय थट्टा आहे? सहा मजले काय मी तिला खिशात घालून नेऊ? चल, आई, आपण निघू या तिकडे."

"एक पाऊल जरी मागे टाकलंस तर याद राख," थोरली म्हणाली. "जागा बघून ठेवलीय म्हणे. आईची जागा वर आहे. तिच्या पलंगावर. ती जागा कधी बघायला आला होतास?"

"आणि तू गं? दीड वर्ष कुठे होतीस?"

तो घाव बरोबर बसला. "चुकलंच माझं," ती तितक्याच रागाने म्हणाली. "म्हणून तर आज उचलतेय. तू पुढून धर."

ॲम्ब्युलन्सच्या चाकांच्या खुर्चीत पट्ट्याने बांधलेली आई इतका वेळ ऐकत होती. "भांडायचं तर वर जाऊन भांडा," ती म्हणाली. "मला इथे वारा लागतोय."

ॲम्ब्युलन्सवाल्यांचं काम दारापर्यंतच होतं, पण थोरलीचा चेहरा पाहून त्यांनी नियम खिशात घातला. तरी माणसं कमीच पडत होती. जिन्यात बादल्या घेऊन उभे असलेले शेजारी नुसतेच बघत होते.

"ऐका सगळ्यांनी," ती जिन्यात ओरडली. "लाईट आली असं आमच्या घरातून सांगितलं गेलं, म्हणून तुम्ही अंधारात आहात. काय शिव्या घालायच्या त्या वर पोहोचल्यावर घाला. आधी येऊन खांदा द्या."

"खांदा नको म्हणूस गं," आई म्हणाली. "त्याला अजून वेळ आहे."

दुसऱ्या मजल्यावरचे दोघं कुरकुरत आले. तिसऱ्यावर एक बाई बादली ठेवून आली आणि चढता चढता तारमास्तरांना नावं ठेवत राहिली, पण खुर्ची काही तिने सोडली नाही. सेक्रेटरी कठड्याला चिकटून वाट देत होता.

"काका, धीर धरला होतात ना? आता पाय धरा. खुर्चीचा."

धाकटा पुढून ओढत होता, घामाने भिजला होता, तोंडाने अखंड बडबडत होता. पण प्रत्येक वळणावर तो आधी आईचा पाय भिंतीला लागत नाही ना, ते बघत होता. थोरलीला ते दिसलं. तरी ती त्याच्यावर ओरडायची थांबली नाही.

पाचव्या मजल्यावर सगळ्यांनी दम घेतला. तेवढ्यात वर फोन वाजला. दार उघडंच होतं. बाबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि मग बाबांचा.

"बोला... आली का? कोण आली का? नाही, आधी ते सांगा."

जिन्यात सगळ्यांनी माना वर केल्या.

"मग नीट ऐका," बाबा म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा चढला की थोरलीला तो आपलाच वाटला. "एक काल आली. तिची मी दीड वर्ष वाट पाहिली. दुसरी पाचव्या मजल्यावर आहे, तिला माणसं उचलून आणतायत, कारण तिसरीचा अजून पत्ता नाही. या दोघी माझ्या आहेत, त्या मी बघतो. तिसरी तुमची आहे. ती पाठवून द्या."

आणि फोन आपटला.

आईने खुर्चीतल्या खुर्चीत मान वर करून थोरलीकडे पाहिलं. "हे कधीपासून बोलायला लागले?"