टाबोर क्रीकचा फलक

आर्डिसने त्या फलकाचा मजकूर अकरा वेळा लिहून काढला होता. अमेरिकेत, नेब्रास्काच्या हमरस्त्याला, टाबोर क्रीक या ओढ्याच्या पुलापाशी, पहिल्या वसाहतीची आठवण म्हणून तो उभा राहायचा होता. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईंनीच तो लिहावा, असं गावच्या समितीनं ठरवलं होतं.

गोष्ट तिच्या पणजीची, बार्बोराची होती. युरोपातल्या बोहेमियातून आलेली सात कुटुंबं इथं उतरली आणि दुसऱ्याच हिवाळ्यात घटसर्पाची साथ आली. सहा दिवसांत बार्बोराची चारही पोरं गेली. बर्फ वितळल्यावर बाकीच्यांनी निघायचं म्हणून गाड्या भरल्या. बार्बोरा चार उंचवट्यांपाशी बसून राहिली. म्हणाली, "तुम्ही जा. माझी पोरं इथं आहेत." तिला एकटी टाकून जायचा धीर कुणालाच झाला नाही. गाव राहिलं ते असं. आर्डिसची आजी त्यानंतर जन्मली. आर्डिसनं चारही नावं लिहिली होती.

ऑक्टोबरात भर वाऱ्यात फलकावरचं कापड काढलं. आर्डिस वाचू लागली. सात कुटुंबं, पूल, पिठाची गिरणी. 'अनेक हालअपेष्टा सोसून.' संपलं.

"बाई, रागावू नका," समितीचा अध्यक्ष ड्वेन म्हणाला. तो तिच्याच हाताखाली शिकलेला. "अक्षरं मोजून मिळतात हो. काहीतरी गाळावंच लागलं."

"गिरणी राहिली नि पोरं गेली, होय रे?"

ड्वेननं हातातला कोलाचे, समारंभासाठी केलेला गोड पाव, तिच्यापुढे धरला.

परतताना तिचा नवरा मिलो पिकअप चालवत होता. पूल मागे पडल्यावर तो म्हणाला, "नाव लिहिलं नाही म्हणून त्या आईला कमी दुखलं असेल, असं नाही."

"हे तू म्हणतोस?" आर्डिस म्हणाली, आणि तिचं तिलाच थांबवता येईना. "आपल्या पोरीच्या कबरीच्या दगडावर काय आहे, मिलो? नुसतं 'मुलगी'. मी तापानं इस्पितळात पडले होते. अकरा दिवसांची होती ती. नाव ठेवलं होतं आपण तिचं!"

एक्कावन्न वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. मिलोनं गाडी मक्याच्या शेताकडेला घेतली नि बंद केली.

"दगडवाल्यानं विचारलं, नाव काय," तो म्हणाला. "मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. तो बिचारा पेन्सिल घेऊन थांबलेला. मग म्हटलं, मुलगी लिही. पुढे वाटलं, तू विचारशील तेव्हा सांगेन. तू विचारलं नाहीस."

"मला वाटलं, तुला ती विसरायची आहे."

"विसरायची?" त्यानं मान हलवली. "पेरणीला निघताना रोज वळसा घालून कबरस्तानावरून जातो मी. डिझेल जास्त लागतं म्हणून तूच ओरडतेस."

दुसऱ्या दिवशी तो एकटाच दगडवाल्याकडे गेला. आता तिथं त्या माणसाचा नातू बसतो. जुना दगड ठिसूळ झालाय, त्यावर अक्षरं धरणार नाहीत, असं त्यानं सांगितलं. मिलोनं नवा सांगितला. नाव कागदावर लिहून द्या म्हटल्यावर त्यानं लिहिलं नाही. एकेक अक्षर तोंडानं सांगितलं. घरी येऊन त्यानं हे आर्डिसला सांगितलं.

मे महिन्यात दगड बसला. दोघंच गेली. मिलोनं टोपी काढली.

"जनेल," तो म्हणाला. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, "जनेल."

आर्डिसला वाटलं होतं, हे ऐकून मन हलकं होईल. तसं झालं नाही. एकाच घरात, एकाच टेबलाशी बसून दोघांनी आपापली पोर वेगवेगळी जपली, एकमेकांपासून लपवून. किती जेवणं झाली, किती नाताळ गेले. एकदा, नुसतं एकदा, कुणीतरी ते नाव उच्चारलं असतं तर! ती ओल्या गवतात खाली बसली आणि तेव्हाची, सव्वीस वर्षांची आई रडावी तशी रडली. मिलो गुडघे धरत, कण्हत, तिच्या शेजारी बसला. तिला उठवायची घाई त्यानं केली नाही.