जर्मनीत लाईट गेली

प्रीतम सर जर्मनीत सहा वर्षं राहून आलेत, यावर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता. तसा माझा कशावरच चटकन बसत नाही. भाजीवालीचा काटा मी आधी रिकामा बघते, मग टोमॅटो घेते. आमचे भागवतराव म्हणतात, "सिंधु, तू चुकून माझ्या घरात आलीस, पोलिसात जायला पाहिजे होतीस." म्हणू देत. लातुरात तीस वर्षं काढली, अजून मला कुणी फसवलेलं नाही.

सरांना वरचा मजला दिला तो शिल्पामुळं. शिल्पा माझी एकुलती एक. नर्सिंग झालं, दवाखान्यात नोकरी लागली, सगळं सुरळीत चाललं होतं आणि तिच्या डोक्यात जर्मनी शिरलं. तिकडं नर्सा पाहिजेत म्हणे, पण आधी त्यांची भाषा यायला पाहिजे. म्हणून हे सर, आणि शिल्पा धरून त्यांच्याकडं शिकणाऱ्या बारा पोरी. मला ती जायला नको होती. उघड म्हटलं असतं तर मीच वाईट ठरले असते, म्हणून मी सरांवर नजर ठेवली. शिल्पाला मात्र बजावलं होतं, "ज्या दिवशी ह्या माणसाचं एक खोटं सापडंल, त्या दिवशी क्लासबी बंद अन् तुझं जर्मनीबी बंद."

खोटं सापडावं म्हणून मी काही कमी केलं नाही. चहा घेऊन वर जायची आणि विचारायची, "सर, तिकडं धुणं कुठं वाळत घालतात?" "सर, तिकडं दही कसं लावतात?" ते हसत उत्तरं द्यायचे. ती बरोबर की चूक हे मला कुठं कळणार होतं, तीच तर पंचाईत. शेवटी दिवाळीत सगळ्या पोरींच्या आया फराळाला जमल्या होत्या, त्यांच्यादेखत विचारलं, "सर, सहा वर्षं राहिलात, मग तिथं तुमचं कुणीच कसं न्हाई? एकदाबी जाऊन आला न्हाईत ते."

सरांचा चेहरा उतरला. म्हणाले, "भाऊ हाय ना काकू. भावजय हाय, पुतणी हाय, जुने दोस्त हायेत. फेब्रुवारीत जाऊन येतो तीन आठवडे."

झालं. आमच्याकडं परगावी निघालेल्याला कुणी रिकाम्या हातानं जाऊ देत नाही, मग हे तर जर्मनी. कुणी शेंगदाण्याची चटणी दिली, कुणी ज्वारीचं पीठ, कुणी पुतणीला झबलं. मी भावजयीसाठी येसराचा मसाला दिला, आमटीत घालायला, पुडीवर नाव लिहून. सर रिक्षात बसले तेव्हा एवढ्या पुड्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन खाली बघत होते. भावाला भेटायला निघालेल्या माणसाचं तोंड असं नसतं, हे मी भागवतरावांना तिथंच सांगितलं. ते म्हणाले, "चहा टाक."

सर गेले तरी क्लास चालू होता, रोज दुपारी दोनला, मोबाईलवर. शिल्पा टेबलाशी बसायची, मी मागं गहू निवडत. एकदा सरांनी फोटो पाठवला, बर्फात भावाच्या गळ्यात हात टाकून उभे. शिल्पानं कौतुकानं दाखवला. मी चष्मा लावून बघितला. फोटोतल्या सरांच्या डोक्यावर इथल्यापेक्षा जास्त केस होते. पंधरा दिवसांत टक्कल पडतं एकवेळ, पण केस उगवतात हे मी ऐकलेलं नाही.

मग एक दिवस शिकवता शिकवता सरांच्या मागचा उजेड एकदम गेला आणि कुठूनतरी पीं पीं असा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. आमचा इन्व्हर्टर लाईट गेली की तसाच कोकलतो.

"जर्मनीत लाईट गेली का गं?" मी विचारलं.

"नेटचा आवाज हाय मम्मी," शिल्पा म्हणाली आणि तिनं कानात वायर घातली.

सरांच्या अंगात स्वेटर होता, गळ्यात मफलर होता आणि कपाळावरून घाम ओघळत होता. पाणी कुठंतरी मुरत होतं. मी कपाटातून भाडेकराराचे कागद काढले. सरांच्या आधारकार्डावर पत्ता होता विष्णुपुरी, नांदेड.

दुसऱ्या दिवशी नांदेडला बहिणीकडं जाते म्हणून निघाले. अर्ध्या तिकिटात एसटी, अहमदपूर, लोहा, आणि नांदेड यायच्या आधीच फाट्यावर उतरले. मला आनंद झाला होता, हे कबूल करते. माझी पोरगी आता कुठं जात नाही, एवढंच डोक्यात होतं. पानटपरीवर विचारलं, त्यानं घर दाखवलं. दारात एक म्हातारी बाई मेथी निवडत बसली होती. सरजाबाई, सरांची आई.

"प्रीतम हायेत का?"

"हाय की. शिकवून राहिला आत. तुम्ही कोन म्हनायच्या?"

मी न सांगताच आत शिरले. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खाली खिळ्याला पांढरी चादर ताणलेली, आणि चादरीपुढं आमचे सर. वर स्वेटर, खाली लुंगी. समोर डब्याला टेकवलेला मोबाईल. फळीवर आम्ही दिलेल्या पुड्या ओळीनं ठेवल्या होत्या, एकही फोडलेली नव्हती. मी मुद्दाम मोबाईलसमोर जाऊन उभी राहिले. बारा चौकटींत बारा पोरी. त्यांनी मला बघितलं, मी त्यांना बघितलं. मग शिल्पाची चौकट काळी झाली.

सर उठून उभे राहिले. म्हणाले, "काकू, भाऊ हाय माझा तिथं, खरंच हाय. सहा वर्षं काढली मी." त्यांनी जुना पासपोर्ट काढला, भावाबरोबरचे फोटो काढले, आणि शेवटी एक कागद. व्हिसा नामंजूर. हा माणूस गेला तर परत येईल याची खात्री वाटत नाही, असं त्यात लिहिलं होतं, सरांनी वाचून दाखवलं. म्हणजे जर्मनीवाल्यांना वाटत होतं हा परत येणार नाही, आणि मला वाटत होतं हा गेलाच नाही. बिचाऱ्यावर दोन्हीकडून संशय. क्षणभर मला वाईट वाटलं, पण मी ते वाटू दिलं नाही.

"कुणाकुणाला माहीत हाय हे?"

"कुणाला न्हाई," सर म्हणाले. "मी एकट्यानंच केलं. मी उद्या येऊन सगळ्यांच्या पाया पडतो."

सरजाबाईंनी पाणी आणलं. पोराचं काय चुकलं हे त्या विचारत राहिल्या. मी पाणी प्यायले आणि परतीची गाडी धरली.

बसमध्ये मी मनातल्या मनात शिल्पाला सुनावण्याची तयारी करत होते. लोहा आलं, आणि ध्यानात आलं. मी मोबाईलसमोर उभी राहिले तेव्हा एकही पोरगी बुचकळ्यात पडली नव्हती. सर जर्मनीत आणि शिल्पाची आई सरांच्या शेजारी, हे कसं, असं एकीनंही विचारलं नव्हतं. त्या घाबरल्या होत्या, पण नवल कुणालाच वाटलं नव्हतं. अहमदपूरपर्यंत मी त्या बारा चौकटी पुन्हा पुन्हा आठवत होते.

दिवेलागणीला घरी पोचले. शिल्पा वाट बघतच बसली होती. भागवतराव बाजूला सुपारी कातरत होते.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"हाव. व्हिसा न्हाई मिळाला तवा सर तुला खरं सांगायला खाली येत होते. मीच जिन्यात अडवलं."

"कशाला?"

"तू काय म्हणली असतीस ते सांगू? ज्याला सोताला व्हिसा मिळंना, तो आमच्या पोरींना काय धाडणार. अन् बाकीच्या आया तुझंच ऐकतात. अकरा जणींचं अजून व्हायचं हाय."

मी अगदी याच शब्दांत म्हटलं असतं. मला राग आला. "उद्यापासून क्लास बंद," मी म्हणाले. "तुझं जर्मनीबी बंद."

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझी परीक्षा झाली मम्मी. मागच्या उन्हाळ्यात हदगावला आरतीचं लग्न हाय म्हणून गेले होते ना, तवा पुण्याला गेले होते. पास झाले. नोकरीचं पत्र आलं, व्हिसाबी आला. अठरा एप्रिलला जायचं हाय."

मैत्रिणीच्या त्या लग्नाचा आहेर मी स्वतः बांधून दिला होता. आणि तिच्याबरोबर लग्नाला गेले होते भागवतराव. मी त्यांच्याकडं बघितलं. अडकित्ता थांबला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं. परक्या पोराला पकडायला मी विष्णुपुरी गाठली, आणि माझं स्वतःचं माणूस वर्षभर माझ्याच ताटात जेवून गप्प होतं.

"परीक्षा झाली तर क्लासला कशाला जाऊन राहिली होतीस?"

"तुला संशय येऊ नये म्हणून."

मला खाली बसावं लागलं. पाय दुखतात म्हणून बसले असं मी दाखवलं. मला तिला सांगायचं होतं की मी वाईट नाही, मला फक्त तू इथं पाहिजे होतीस. ते तोंडातून निघालं नाही. निघाला तो प्रश्नच, दुसरं मला येतंय काय.

"मी आज विष्णुपुरीला गेलेच नसते, तर मला कवा सांगणार होतीस?"

शिल्पानं बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मुंबईहून फोन करणार होते," ती म्हणाली. "विमानात बसायच्या आधी."

मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. खरं सांगते, या वाक्याबद्दल मला जराही शंका आली नाही.