प्रश्नात काय विचारलंय

"काय लागना निकाल?" नळाखाली हातपाय धुता धुताच निंबानं विचारलं.

धनश्री दारातल्या पायरीवर मोबाइल घेऊन बसली होती. अर्ध्या तासापासून ती तोच पडदा वरखाली करत होती. पाच विषय. त्यातल्या तीन विषयांच्या आकड्यांपुढे एक लहानशी चांदणी, आणि सगळ्यात खाली चार अक्षरं.

"एटीकेटी," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे… पुढच्या सेमिस्टरला बसता येस."

"पुढे जाता येस ना? मग व्हई गयं!" निंबानं पंच्यानं तोंड पुसलं आणि शेजारच्या दारात उभ्या असलेल्या विठ्ठलकाकांना तिथूनच ओरडून सांगितलं, "विठ्ठलभाऊ, मनी पोर पुढे गयी! एटीकेटी मिळनी तिले!"

विठ्ठलकाकांनी मान डोलावली. तेही गुजरातेत, पांडेसऱ्यातल्या निंबाच्याच डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कामावर होते, आणि कॉलेजची पायरी त्यांच्याही घरात कुणी चढलेलं नव्हतं. धनश्रीला वाटलं, आत्ताच उठून सांगावं, एटीकेटी म्हणजे तीन विषय राहिले. पण वडिलांचं तोंड असं उजळलेलं तिनं बारावीच्या निकालानंतर पाहिलं नव्हतं. ती उठून आत गेली आणि कारण नसताना पाणी प्यायली.

तिला कळत नव्हतं ते एवढंच की, चुकलं कुठं. आळस केला असता तर तिनं स्वतःला दोष तरी दिला असता. पण बारावीपेक्षा जास्त वाचलं होतं. नोट्स तीनतीनदा लिहून काढल्या होत्या. दहावीपर्यंत महापालिकेच्या मराठी शाळेत तिचा पहिला नंबर कधी सुटला नाही. अकरावी-बारावीला गुजराती माध्यम आलं, तेव्हाही चार महिन्यांत तिनं जुळवून घेतलं. तीच मुलगी, तीच पाठ करायची ताकद. मग बी.एस्सी.च्या पहिल्याच सेमिस्टरला केमिस्ट्रीत एकवीस कसे?

फेब्रुवारीत तिनं जमेल ते सगळं बदलून पाहिलं. मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर आली. गुरुवारचा उपास धरला. आई घरी साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम करायची, त्यातला धनश्रीचा वाटा आईनं स्वतःकडे घेतला. धनश्री आणखी दोन तास जास्त वाचू लागली. मार्चमध्ये केमिस्ट्रीची चाचणी झाली. तीसपैकी सात.

केमिस्ट्रीच्या चंचलबेननी पेपर परत दिला. धनश्री तास संपल्यावर त्यांच्या मागोमाग स्टाफरूमच्या दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. आत जावं की नाही, हे ठरेना. शेवटी त्यांनीच डबा उघडता उघडता विचारलं, "शुं छे?"

"मॅडम, मारी भूल नथी समजाती." आपली चूक कुठं, तेच तिला कळत नव्हतं.

चंचलबेननी पेपर घेतला. त्या काही प्रेमळ म्हणून प्रसिद्ध नव्हत्या. जेवणाच्या सुट्टीत कुणी आलेलं त्यांना आवडत नसे. एका हातात थेपला धरून त्यांनी दुसऱ्या हातानं पानं उलटली आणि एका इंग्रजी प्रश्नावर बोट ठेवलं. मिठाचा द्रवणांक इतका जास्त असतो. अकाउंट फॉर इट.

"आनो अर्थ शुं? अकाउंट फॉर?"

"हिसाब आपो," धनश्री म्हणाली. "म्हणजे… मिठाचा सगळा हिशेब मांडायचा." घाबरल्यावर तिची गुजराती मराठीत घसरायची.

तिनं खरंच मांडला होता. मीठ कसं तयार होतं, कुठं सापडतं, त्याचे उपयोग, सोडियमची माहिती, क्लोरीनची माहिती. दीड पान. एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

चंचलबेननी थेपला खाली ठेवला. "कारण मागितलंय," त्या गुजरातीत म्हणाल्या. "नुसतं कारण. तीन ओळी." मग त्यांनी पुढचा प्रश्न दाखवला, त्याच्या पुढचा दाखवला. सगळीकडे तेच. तिला धडा यायचा. विचारलेलं कळायचं नाही. "तू उत्तरं पाठ करणं बंद कर. जुन्या प्रश्नपत्रिका घे. फक्त प्रश्न वाच आणि प्रत्येकाखाली लिही, इथं काय मागितलंय. उत्तर लिहायचं नाही."

"कोणत्या भाषेत लिहू?"

"तू ज्या भाषेत विचार करतेस, त्या भाषेत."

आता आपल्याला जेवू दे, अशा अर्थानं त्यांनी मान हलवली.

बसस्टॉपवर उभं राहून धनश्री तोच विचार करत राहिली. आपण कोणत्या भाषेत विचार करतो? पुस्तकातली मराठी फक्त शाळेत होती. मैत्रिणींशी हिंदी. आकडे मनात गुजरातीत यायचे. भांडण झालं की अहिराणी. आता हाच विचार आपण कोणत्या भाषेत करतोय, हे ती पाहायला गेली आणि विचारच पळून गेला. एक बस समोरून निघून गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती तिचीच होती.

तिनं मराठीत लिहून पाहिलं. वाक्यं छान झाली, पण प्रश्न तसाच राहिला. गुजरातीत लिहिलं, तर ते गाइडसारखं दिसू लागलं. चौथ्या दिवशी निंबा पहिल्या पाळीहून आला, चहाचा कप घेऊन तिच्याजवळ बसला आणि सहज म्हणाला, "काय इचारेल शे त्याम्हा?"

"तुमले नही समजाव, आबा."

"माले समजाडानं नही. काय इचारेल शे, तेवढंच सांग."

तिनं कंटाळून एक प्रश्न अहिराणीत सांगितला. दोन पदार्थ पाण्यात टाकले, एक विरघळला, एक नाही, आणि मग… ती अडखळली.

"मग त्यासले काय पाहिजे?" निंबानं विचारलं. "कारण पाहिजे का रीत पाहिजे?"

धनश्रीनं प्रश्न पुन्हा वाचला. दोन्ही वेगळे करायची रीत हवी होती. तिनं कारण धरलं होतं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो बसू लागला. विषय त्याला कळत नव्हता आणि तो कळल्याचं सोंगही करत नसे. तिचं सांगणं गोल गोल फिरू लागलं की तो म्हणायचा, "माले समजनं नही. फिरी सांग." कधी ती चिडायची. एकदा वही फेकून उठलीसुद्धा. त्यानं वही उचलून पुन्हा तिच्या जागेवर ठेवली आणि चहा संपवला.

एप्रिलमध्ये एका रविवारी तो भाजी आणायला गेला असताना तिची आई उषाबाई टिकल्या लावता लावता म्हणाल्या, "त्याले दुसराच दिन समजनं व्हतं."

"काय?"

"एटीकेटी. मिलमा लॅबवाला सागर शे ना, त्यानी सांगं. तुना बाप सगळासले सांगत फिरना, मनी पोरले मिळनी, मनी पोरले मिळनी. समदा हसनात."

धनश्रीच्या कानांना ऊन लागल्यासारखं झालं. "मग माले का बरं नही सांगं?"

"तो म्हणे, पोरले जवय सांगानं वाटी, तवय ती सांगी."

अडीच महिने झाले होते. एवढे दिवस तो त्याच माणसांबरोबर काम करत होता, आणि घरी येऊन तिच्याजवळ बसत होता. तिला आधी लाज वाटली, मग रागही आला, आणि राग कुणाचा ते काही ठरेना. संध्याकाळी तो चहा घेऊन आला, तेव्हा तिनं वही मिटली.

"आबा, मना तीन विषय गयात. पुढे गयी, पण नापास व्हयेल शे."

"हं," निंबा म्हणाला. त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "आते पुढला वाच. काय इचारेल शे?"

राहिलेल्या तीन विषयांची आणि दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल आला. केमिस्ट्रीत सत्तावन्न. गणित सुटलं, काठावर. फिजिक्स चार गुणांनी राहिलं, आणि का राहिलं हे तिला या वेळीही नीट कळलं नाही. दुसऱ्या सेमिस्टरचे सगळे विषय मात्र निघाले. निकाल तिनं निंबाला जसाच्या तसा वाचून दाखवला, चांदणीसकट.

तिसऱ्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात फिजिक्सचे नवे सर भरभर शिकवत होते. फळ्यावर त्यांनी एक इंग्रजी शब्द लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि पुढे निघाले. धनश्रीनं आजूबाजूला पाहिलं. सगळे शांत होते. म्हणजे सगळ्यांना माहीत असणार. किंवा नसेलही. काही कळायला मार्ग नव्हता. तिचा हात वर गेला तो तिला वर गेल्यावरच दिसला.

"सर, आ शब्दनो अर्थ शुं?"

मागून कुणीतरी हसलं. सर थांबले. त्यांनी शब्दाकडे पाहिलं, खडू बोटांत फिरवला. मग फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी सावकाश, सोप्या गुजरातीत दोन ओळी लिहिल्या.

धनश्री उतरवून घेऊ लागली. डोकं वर न करताही तिला ऐकू येत होतं, उजवीकडे, डावीकडे, आणि मागे, जिथून हसू आलं होतं तिथंही, वह्यांची पानं उलटत होती आणि पेनं चालत होती.