जनरेटरच्या आवाजातलं कीर्तन

या बाप्पा, असे जवळ सरका. चटई पुरते सगळ्यांना. कीर्तनातल्या कथा तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. आज कीर्तनाच्या मंडपामागं बसणाऱ्या माणसाची ऐका.

नागपूरजवळच्या वाडीला, अमरावती रोडवरच्या गोदामांच्या पाठीमागं, एक लहानसं देऊळ आहे. माघात तिथं सप्ताह बसतो. आणि सप्ताह बसला की लाईन जाते, हे वाडीत जणू ठरलेलंच. म्हणून मंडपामागं डिझेलचा जनरेटर लागे, आणि जनरेटरपाशी नत्थूजी बसत. केस काळे होते तेव्हापासून बसत; एरवी पोटासाठी लग्नमंडपांतले जनरेटर चालवत. डिझेल घालायचं, मशीन तापली की पाणी ओतायचं, आरती झाल्यावर वायरी गुंडाळायच्या. मशीनची धडधड अशी, की महाराज तिकडे लोकांना हसवताहेत की रडवताहेत, याचा पत्ता लागत नसे. काळा धूर मागच्या खोल्यांमध्ये शिरे. बाया दोरीवरचे कपडे काढत नत्थूजींना चार शब्द सुनावत, लेकरं खोकत, आणि नत्थूजी खांद्यावरचा दुपट्टा नाकावर ओढून खाली मान घालून बसत. कीर्तनाचं वेड एवढं, की दुसऱ्या कुणाला जनरेटर धरू देत नसत; आणि त्या जनरेटरपायीच कीर्तनातला एक शब्द कधी कानावर पडला नाही.

पण उपाशी राहिले असं म्हणता येत नाही. त्यांची बायको प्रेमिला बायांमध्ये बसे. नत्थूजी डिझेलचा वास घेऊन घरी पोचले की ताट तयार असे, भाकर तव्यावरून थेट ताटात. ते जेवत आणि ती महाराजांची कथा सांगे. आवाज बदलून, हातवारे करून, अगदी शेवटापर्यंत. नत्थूजींचा घास हातातच राही.

एकदा चहाच्या टपरीवर देवळाच्या कमिटीचे बाबाराव आदल्या दिवशीची कथा सांगत होते, तर शेवट प्रेमिलानं सांगितल्याहून भलताच. नत्थूजी हसून म्हणाले, "बाबाराव, तुम्ही झोपले होते जी." टपरी हसली, बाबारावही हसले. गोष्ट तिथंच राहिली.

गेल्या साली सप्ताहात प्रेमिलाला थकवा होता. तरी तिनं कथा सांगितली. दुष्काळ पडलेला. एका बाईच्या घरात एकच घागर पाणी. नवरा तापानं फणफणलेला. एवढ्यात दार वाजलं. बाहेरून कुणी म्हणालं, माय, पाणी दे. बाई उठली, तिनं घागरीवर हात ठेवला...

"मंग?" नत्थूजी म्हणाले.

"मंग उद्या सांगीन. तुमचे डोळे मिटून राहिले."

सकाळी प्रेमिला उठलीच नाही.

त्यानंतर घर गप्प झालं. भाकर थापता येत नव्हती, म्हणून नत्थूजी भात आणि पिठलं करत. आणि कधीमधी, हात धुताना किंवा बसथांब्यावर उभं असताना, मनात येई: त्या बाईनं काय केलं? पाणी नवऱ्याला ठेवलं, की दार उघडलं? विचारायचं कुणाला? इतरांचं ऐकून काय करायचं, शेवट प्रेमिलाकडून ऐकायचा होता.

यंदा देवळाच्या गच्चीवर सोलर लागलं. बाबारावांनी मोठे हॅलोजन उतरवून एलईडीच्या पट्ट्या लावल्या. तेवढ्याच उजेडाला आता थोडीशी वीज पुरे, त्यामुळे दिवसभर उन्हावर भरलेली बॅटरी आरतीपर्यंत आरामात चाले. नागपूरच्या हवेत कोराडीच्या वीजकेंद्राचा धूर होता, ट्रकांचा होता. देवाच्या दारचा तेवढा गेला. मागच्या खोल्यांतल्या बायांनी सप्ताहातही कपडे दोरीवर राहू दिले.

जनरेटरपाशी बोलायच्या सवयीनं बाबाराव ओरडूनच नत्थूजींना म्हणाले, "यंदा तुम्ही समोर बसा जी. धडधडीची सवय सुटत नसन तर तोंडानं आवाज काढजा."

नत्थूजी धुतलेला सदरा घालून गेले. महाराज तेच होते, दुष्काळाची कथा सांगणारे. मंडपात शिरताच नत्थूजी थबकले. उदबत्तीचा वास येत होता. इतक्या वर्षांत सप्ताहातला उदबत्तीचा वास त्यांनी पहिल्यांदा घेतला. डोळे भरून आले. ते पुढे, पेटीवाल्याच्या जवळ जाऊन बसले.

पखवाज ऐकू आला. टाळ ऐकू आले. महाराज बोलू लागले, आणि नत्थूजींना फक्त त्यांचे ओठ दिसले.

त्यांनी मान तिरपी केली. कानामागं हात धरला. दूर कुठंतरी कुणी पुटपुटावं तसं काहीतरी येत होतं, शब्द मात्र एक नाही. जन्मभराच्या धडधडीनं कान आतून घासून नेले होते. घरी बोलायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते आजवर कळलंही नव्हतं.

मग महाराजांनी पेटीच्या लाकडावर बोटानं टकटक केलं. जसं दार वाजवावं. दोन्ही हातांनी हवेत एक घागर धरली, तिच्यावर तळवा ठेवला. नत्थूजी ताठ झाले. तीच कथा. महाराजांचे ओठ हलले, सगळा मंडप हळहळला, बाया पदरानं डोळे पुसू लागल्या, मग टाळ्या पडल्या. शेवट झाला होता. सगळ्यांना मिळाला होता.

आरतीनंतर यमुताई द्रोणात प्रसाद घेऊन आल्या. त्या कीर्तनात प्रेमिलाशेजारी बसत. त्यांनी तोंडाशी वाकून विचारलं,

"काहून रडून राहिले, नत्थूजी?"

त्यांनी सांगितलं. कान गेल्याचं, घागरीचं, अर्धवट राहिलेल्या कथेचं. यमुताई जवळ आल्या आणि त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणाल्या, "शेवट प्रेमिलाले कोठून माहीत असन? ते तर दररोज शेवटाआधी उठून जाये."

नत्थूजींनी कान आणखी जवळ नेला.

"तुमची भाकर गरम पाहिजे म्हणून. मी म्हणो, थांब ना वं, शेवट ऐकून जाय. तर म्हणे, शेवट मले रस्त्यानं सुचते." यमुताई हसल्या, मग हसू आवरलं. "आजचा शेवट सांगू का? लय चांगला होता."

नत्थूजींनी द्रोण खाली ठेवला. बाबाराव त्या दिवशी झोपले नव्हते तर. "नको, यमुताई," ते म्हणाले. "राहू द्या."

गुंडाळायला वायरी नव्हत्या. ते लोकांच्या आधीच घरी निघाले, ज्या रस्त्यानं ती निघे त्याच रस्त्यानं. ट्रक जात होते, त्यांचा आवाजही आता दूरचाच वाटत होता.

घरी त्यांनी पिठलं ढवळलं, ताट वाढलं, आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं सांगू लागले. दार वाजलं. बाई उठली. घागरीवर हात ठेवला. मग तिनं दार उघडलं आणि म्हणाली, आत या, आम्ही दोघं आहोत, घोट घोट तिघं पिऊ.

"बरोबर जमलं का वं?"

उत्तर आलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं. ते जेवायला बसले.

तर बाप्पा, तुमच्या गावी मंडपात धूर नसेल, महाराजांचा शब्द न् शब्द कानी येत असेल, तेव्हा शेवटाआधी एखादी बाई पदर सावरून हळूच उठताना दिसली, तर तिला वाट द्या. आणि वाडीच्या प्रेमिलाची आठवण करा.