फरामर्जने हुंगलेला दगड

मी एक जुना चुनखडीचा दगड आहे. गोल, गुळगुळीत आणि हातभर लांब. समुद्राच्या तळाशी, शंखशिंपल्यांच्या चुऱ्यातून माझा जन्म झाला. पुढे समुद्र हटला, झाग्रोसचे डोंगर उभे राहिले आणि मी जमिनीच्या पोटात गाडला गेलो. माझ्या बारीक छिद्रांत तेल आणि वायू येऊन मुरले. मित्रांनो, मी काही त्यांना बोलावले नव्हते.

बख्तियारी मेंढपाळांच्या कुरणात तेलविहीर खोदली जात होती. पोकळ नळीने मला खालून अखंड कापून वर आणले. तिथे फरामर्ज वाट पाहत होता. दगड पारखणे हे त्याचे काम. तो आमच्यावर आम्लाचा थेंब टाकी, पाणी किती मुरते ते बघे, पण खरा भरवसा त्याचा नाकावर. ताजा दगड हुंगून तो तेल ओळखत असे.

नळी उघडताना विहिरीचा मुकादम, उस्ताद खोदामराद, म्हणाला, "फरामर्ज, मास्क कपाळावर कशाला चढवलायस? खाली घे."

"मास्क लावून वास घेऊ? मग डोळे मिटून मुलगी बघायला जाऊ का, उस्ताद?"

"तुला तशीच मिळायची रे!"

सगळे हसले. उस्तादही हसला. फरामर्ज माझ्यावर वाकला.

"शी! सडकी अंडी... थांबा, गेला. वास गेला की!"

वास गेला नव्हता. माझ्यातल्या विषारी वायूने त्याचे नाकच बधिर केले होते. उस्तादला ते कळले, तो ओरडला, पण तोवर फरामर्ज कोसळला होता. मास्क लावलेल्या माणसांनी त्याला ओढून दूर नेले. तो पुन्हा उठला नाही. मला हात नव्हते, तोंड नव्हते. नुसते पडून राहणे नशिबी आले.

मला शहरात तपासले. आधी फार कौतुक झाले, केवढी छिद्रे, केवढे तेल! मग निकाल आला, की छिद्रे एकमेकांना जोडलेलीच नाहीत. तेल आतच राहणार. विहीर सिमेंटने बुजवली आणि मला परत पाठवले. गोदामाचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याला टेकवून ठेवले.

एके दिवशी फरामर्जची आई, माहबीबी, उस्तादबरोबर आली.

"ह्यात तेल होतं का रे?"

"होतं, दा," उस्ताद म्हणाला. आमच्याकडे आईला दा म्हणतात. "पण बाहेर यायचं नाही."

म्हातारी खाली बसली. तिने माझ्यावरून हात फिरवला आणि नाक माझ्याजवळ आणले. आता माझ्यात वायूचा मागमूसही नव्हता. तरी उस्तादने झडप घालून तिचा खांदा मागे खेचला. "दा, नको!"

माहबीबी त्याच्याकडे वळली.

"तेव्हा असाच ओढला असतास, तर माझं पोर घरी असतं."

उस्ताद दारातच बसला आणि लहान मुलासारखा रडला. माहबीबी एकटीच उतारावरून निघून गेली.

मित्रांनो, मला तुम्ही हवे तिथे टाका, माझे काही म्हणणे नाही. पण आपले माणूस धोक्याशी थट्टा करू लागले, तर आधी त्याचा हात धरा. हसायचे ते मग हसा.