कवठाळीची माती

कवठाळी हे गाव पूर्णेच्या काठी होतं. धरण झालं आणि ते पाण्यात गेलं. भागवत गुरुजी तेव्हा दुसरी-तिसरीत असतील. बैलगाडीत ज्वारीच्या पोत्यांवर बसून आपण गावाबाहेर पडलो आणि आई मागं वळून बघत नव्हती, एवढंच त्यांना आठवत होतं. पुढे ते शिक्षक झाले, जवळा बाजारला घर बांधलं, निवृत्त झाले. आसपासच्या बारवा, वीरगळ, पडक्या वेशी यांवर त्यांनी इतकं लिहिलं की लोक त्यांना इतिहासकार म्हणू लागले. पण दगडांवर लिहिता लिहिता त्यांना एक गोष्ट टोचत राहिली. ज्या गावात आपला जन्म झाला त्याचं सरकारदरबारी 'बुडीत क्षेत्र' एवढंच नाव उरलंय.

म्हणून त्यांनी कवठाळीचा नकाशा काढायला घेतला. कुणाचं घर कुठं, कुणाच्या दारात कोणतं झाड, बाया पाण्याला कुठून उतरायच्या, पोळ्याचे बैल कुठं थांबायचे, सगळं त्यात यायला पाहिजे होतं. नव्या कवठाळीतल्या म्हाताऱ्यांकडे ते चिकाटीनं जात राहिले. दगड एकदा सांगतो तेच पुन्हा सांगतो, माणसांचं तसं नसतं, हे त्यांना तिथं कळलं. एकाचा कडुलिंब दुसऱ्याच्या अंगणात निघायचा. बांधावरून पूर्वी झालेली भांडणं कागदावर नव्यानं व्हायची. उकंडराव हे त्यातले सगळ्यात जाणते. आपलं घर नकाशात लहान काढलं म्हणून ते एकदा रुसून उठूनही गेले होते.

नकाशा भरत आला, पण एका कोपऱ्यात कागद कोराच राहिला. तिथं पिंजाऱ्यांची गल्ली होती. पुनर्वसनात ती घरं गावासोबत आली नाहीत. कुणी वसमतला गेलं, कुणी परभणीला, कुणी हट्ट्याला. गुरुजींनी विचारलं की म्हातारे म्हणायचे, होती की चार-दोन घरं, रजया भरून द्यायचे. नावं कुणालाच आठवत नव्हती. ज्यांच्या हातच्या रजयांत सगळं गाव लहानाचं मोठं झालं त्यांची नावं कुणाला सांगता येऊ नयेत, याचं गुरुजींना वाईट वाटलं, आणि ती त्यांना स्वतःलाही आठवत नव्हती याचं जास्त.

शोधत शोधत ते हट्ट्याच्या एका गादीच्या दुकानापर्यंत पोचले. दुकान साजीदचं होतं. त्याची आई जुलेखा कवठाळीत सून म्हणून आलेली. आता ऐंशीच्या घरात होती. साखरेच्या आजारानं डोळे गेले होते. गुरुजींनी आपलं नाव सांगितलं, आईचं नाव सांगितलं, तेव्हा ती हसली. म्हणाली, "भागवत म्हणजे तोच ना, कापसाच्या ढिगात लपून बसायचा?"

साऱ्या तालुक्यात त्यांना अरेतुरे करणारं आता कुणी उरलं नव्हतं. ती सरळ अरेतुरे करू लागली आणि गुरुजींना बरं वाटलं. तेही तिला लहानपणीसारखं भाभी म्हणू लागले.

तो सगळा हिवाळा ते हट्ट्याला जात राहिले. जुलेखाभाभी पलंगावर बसून गल्ली सांगायची, घरामागून घर. कुणाची कापूस पिंजायची धुनकी कुठं टांगलेली असायची, कुणाची बकरी कुणाच्या परड्यात शिरायची. सांगताना हवेत हात फिरवून ती वळणं दाखवायची. डोळे असणाऱ्या म्हाताऱ्यांपेक्षा तिचं गाव जास्त लख्ख होतं, कारण डोळे गेल्यापासून त्यावर दुसरं काहीच चढलेलं नव्हतं. गुरुजी घरी येऊन पेन्सिलीनं ती गल्ली काढायचे आणि आपण एक हरवलेली गोष्ट परत आणून राहिलोय असं त्यांना वाटायचं.

उन्हाळा लागल्यावर एके दिवशी तिनं विचारलं, "कब्रस्तान काढलं का त्यात?"

काढलं म्हणून गुरुजींनी सांगितलं.

"चिंच?"

"दोन होत्या म्हणतात लोक."

"मोठीच्या बुडाला माझी मुन्नी हाय," ती म्हणाली.

मग तिनं ते सांगितलं. साजीदच्या आधीचं तिचं पहिलं लेकरू. धरणाचं पाणी चढायच्या आदल्या थंडीत झालं आणि त्याच थंडीत गेलं. धड नाव ठेवायचंही राहिलं होतं, घरात मुन्नी म्हणायचे. नवरा नासेर आणि सासरा लेकराला घेऊन गेले. बाया कब्रस्तानात जात नसत. नासेरनं परत आल्यावर सांगितलं, मोठ्या चिंचेच्या बुडाला ठेवली, सावली चांगली हाय. पुढं गाव उठलं. पीरसाहेबांच्या मजारीचे दगड साऱ्या गावानं, हिंदू-मुसलमान मिळून, गाडीत घालून नव्या जागी नेले. मुन्नीचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ईदनंतर तुला दाखवून आणतो म्हणून नासेर म्हणाला होता, पण त्याच्या आत पाणी आलं. नासेरलाही जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

"मी पाहिलीच न्हाई कधी ती जागा," जुलेखाभाभी म्हणाली. "पन जाते मी. रोज दुपारच्याला जाते. चिंचेखाली बसते, येते."

 ऐकण्याच्या भरात गुरुजी बोलून गेले की यंदा धरण पार तळाला गेलंय, मारुतीचा ओटा उघडा पडलाय, गल्लीचे पायेसुद्धा दिसून राहिलेत. मी नेतो तुम्हाला. तिनं हे मागितलं नव्हतं. हे गुरुजींना पुढं अनेकदा आठवत राहिलं.

साजीद राजी नव्हता. त्यानं गुरुजींना दुकानाबाहेर आणून हळूच विचारलं, अम्मीला दिसत न्हाई, तिला तिथं नेऊन काय करायचं, काहून तकलीफ द्यायची? गुरुजी म्हणाले, घडीभर बसंल, जीव शांत होईल. एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून साजीदनं जीप ठरवली.

वैशाखातली सकाळ होती. जिथं एरवी पाणी असायचं तिथं भेगाळलेली जमीन पसरली होती, मधून मधून शिंपले चमकत होते. मारुतीच्या ओट्याला कुणीतरी येऊन शेंदूर लावून गेलं होतं. तिथून गुरुजींनी नकाशा उघडला आणि दिशा धरली. त्यांचा नकाशा बराबर निघाला. म्हाताऱ्यांच्या भांडणांतून, एका आंधळ्या बाईच्या हातवाऱ्यांतून उभी राहिलेली गल्ली पायाखाली खरोखर होती. जुलेखाभाभीनं चपला काढल्या आणि साजीदच्या खांद्याला धरून ती पायांनी दगड चाचपत चालू लागली. एका उंबऱ्याशी ती थांबली. खाली बसून तिनं दगडाच्या एका कोपऱ्यावरून बोटं फिरवली, तिथं टवका उडालेला होता.

"नासेरच्या बापानं कुऱ्हाड पाजळली होती हितं," ती म्हणाली आणि हसली. इतकी हसली की साजीदच्याही डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं आत जाऊन चूल कुठं होती ते दाखवलं, पाण्याच्या रांजणाची जागा दाखवली, पाळणा कुठं बांधला होता ते दाखवलं. गुरुजींच्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची घटका असेल. आपण कशासाठी एवढी पायपीट केली हे त्यांना त्या वेळी विचारलं असतं तर त्यांनी फक्त त्या म्हातारीकडे बोट दाखवलं असतं.

कब्रस्तान गल्लीच्या पलीकडं, थोडं उतारावर होतं. गुरुजी पुढं चालत होते. उतारावर आल्यावर ते थांबले.

समोर खड्डा होता. विहीर खणतात तसा नव्हे, एखादा तलाव खणावा तसा रुंद. कडेनं यंत्राच्या दातांचे ओरखडे होते, टिप्परच्या चाकांचे पट्टे वर रस्त्यापर्यंत गेले होते. धरणातला गाळ शेतात नेऊन टाकायचं काम त्या उन्हाळ्यात जोरात होतं. पाणी आटलं की माणसं ते करणारच. इथला गाळ काळाभोर, कसदार, म्हणून इथूनच जास्त उचलला होता. गाळाखालची जुनी जमीनही यंत्रानं सोडली नव्हती. चिंचेचं खोड नव्हतं, मूळ नव्हतं. ज्या जागेवर ती होती ती जागाच नव्हती.

साजीदनं पाहिलं. तो आईला धरून मागं उभा होता. त्यानं गुरुजींकडे पाहिलं आणि मोकळ्या हातानं खूण केली. खड्ड्याच्या अलीकडच्या साध्या जमिनीकडं बोट करून तो नजरेनं विनवत होता, इथंच हाय म्हणा.

"आलं का?" जुलेखाभाभीनं विचारलं.

गुरुजी आयुष्यभर पोरांना सांगत आले होते की जे माहीत नाही ते लिहायचं नाही आणि जे नाही ते आहे म्हणायचं नाही. त्यांनी तोंड उघडलं तेव्हा ते विचार करून बोलले असं म्हणता येणार नाही.

"आलं, भाभी. पन इथं काही उरलं न्हाई. माती उचलून नेली लोकांनी."

तिनं तोंड गुरुजींच्या आवाजाकडं केलं.

"कुठं नेली?"

"वावरात. टाकली वावरात."

"कुणाच्या?"

"कुणाकुणाच्या. समद्या गावांत गेली."

  ऊन चढलं होतं. साजीदनं तिला वळवलं आणि ती वळली. जीपपर्यंत ती चालत गेली, पण आता ती पायानं काही चाचपत नव्हती. वाटेतला तिचाच उंबरा तिनं ओलांडला आणि तिला कळलंही नाही.

हट्टा जवळ आलं तेव्हा ती बोलली. आवाजात राग नव्हता.

"भागवत, तू आला नसतास तर ती चिंचेखालीच होती."

त्यानंतर गुरुजी दोनदा तिला भेटायला गेले. दोन्ही वेळा ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. दुपारचं जाणं बंद झालं का, हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. साजीद चहा द्यायचा, दुकानातलं बोलायचा. पावसाळ्याच्या तोंडाशी ती गेली. गुरुजी मातीला गेले, बाकीच्यांसारखी त्यांनीही मूठभर माती सोडली. परत निघताना साजीद वेशीपर्यंत सोबत आला. म्हणाला, "गुरुजी, तुमी खोटं न्हाई बोलले, ते बराबरच हाय. पन माझी अम्मी तुमच्या पुस्तकातली न्हवती." आणि मग त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण त्यानं गुरुजींचा हात बराच वेळ सोडला नाही.

नकाशा पुरा झाला होता. नव्या कवठाळीच्या लोकांनी तो मोठा करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. लोक बोट ठेवून आपलं घर दाखवत होते, फोटो काढत होते. गुरुजींचा सत्कार झाला. त्यांनी भाषण करायचं टाळलं. दिवाळीनंतर उकंडरावांनी मुद्दाम बोलावून घेतलं आणि त्यांना आपल्या शेतात नेलं. हळद कमरेच्या वर गेली होती, पानं हिरवीगार, शेजारच्या वावरापेक्षा वेगळीच दिसत होती.

"धरणातला गाळ," उकंडराव अभिमानानं म्हणाले. "आपल्या गावची माती हाय, गुरुजी. पाण्यात गेल्ती, आता घरी आली."

गुरुजी बांधावर बसले. काही सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. एकदा सांगून काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. पण उकंडराव पान हातात धरून हसत उभे होते आणि ते हसू गुरुजींना सोसवेना. त्यांनी सांगितलं. पिंजाऱ्यांची जुलेखा, तिची मुन्नी, चिंच, तो खड्डा, सगळं.

उकंडराव ऐकत राहिले. मधे एकदा त्यांनी विचारलं, जुलेखा म्हणजे नासेरची बायको का? मला रजई भरून द्यायचा तो? नाव त्यांना आता आठवलं. मग ते हळदीकडं बघत राहिले. शेवटी वाकून त्यांनी पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि सरीतून चालत वावराबाहेर पडले. गुरुजींनीही काढल्या. माती ओली होती, गार होती.

हे साजीदला सांगावं का, ते गुरुजींना अजून ठरवता आलेलं नाही. हट्ट्याची बस त्यांच्या दारावरून जाते. कधी कधी ते रस्त्यापर्यंत येतात, बस येते, थांबते आणि ते न चढताच परत फिरतात.